बारगीर, शिलेदार आणि मोबाइल ब्राउझर

सियालदह स्थानकातून बाहेर पडून आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर पाऊल ठेवणाऱ्या मराठी माणसाला, आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत तो एके काळी आपल्याच पूर्वजांच्या भयाने आखलेल्या खंदकाची रेघ होती, हे ठाऊक असतेच असे नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा कलकत्त्याच्या भयभीत रहिवाशांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणण्याचा बेत केला. सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत, तेव्हा काम तसेच सोडून देण्यात आले, आणि १७९९ साली खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. त्या धामधुमीची दुसरी खूण म्हणजे बंगाली भाषेतील ‘बर्गी’ हा शब्द. तो आपल्या ‘बारगिरा’वरून आला, परंतु आपल्या लष्करी दप्तरात बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारचा असा स्वार, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस रुजू होतो तो. हा भेद पगारपत्रक लिहिणाऱ्या कारकुनास अत्यावश्यक होता. ज्या रयतेचे घर लुटले जात होते तिला घोडा कोणाच्या मालकीचा आहे याच्याशी काहीच कर्तव्य नव्हते. तिने सर्वांस सरसकट बर्गी म्हटले, आणि तिच्या गरजेपुरते ते चूक होते असेही म्हणवत नाही.

एकाच स्वाराचा वर्ग विचारणाऱ्याच्या गरजेप्रमाणे असा पालटतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण प्रस्तुत आढाव्याचा विषय वरकरणी अगदी निराळा असला, तरी त्यातले बहुतेक घोटाळे याच एका विस्मरणातून उत्पन्न झालेले आहेत. वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारणाऱ्या प्रोग्रॅमरला मिळणारा तयार सांगाडा: मागणी कोणत्या पत्त्यावर आली, तिची वर्दी कोणाकडे द्यावयाची आणि उत्तर कोणत्या साच्यातून काढावयाचे, ही नित्याची कामे तो परस्पर उरकतो. या सांगाड्याच्या दाराशी आलेला ब्राउझर मोबाइलवरचा की मेजावरच्या संगणकावरचा, हे त्याने ओळखावे काय, ओळखावयाचे तर कोणत्या पुराव्यावर, आणि वर्ग किती व कोणते पाडावे, हा तो प्रश्न होय.

सियालदहचा सायंकाळचा फलाट हे या प्रश्नाचे फुकट प्रदर्शनच आहे. बनगाव, कृष्णनगर, कॅनिंग, डायमंड हार्बर अशा दिशांना जाणाऱ्या लोकलगाड्यांची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या गर्दीत कोणाच्या हातात पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन असतो, कोणाच्या हातात काच तडकलेला सातआठ वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड, कोणा विद्यार्थ्याच्या मांडीवर टॅब्लेट, तर कोणा भाजीविक्याच्या खिशात बटणांचा जिओफोन, ज्याचा पडदा २४० बाय ३२० ठिपक्यांचा असून त्याला बोटाचा स्पर्श कळत नाही. हे सगळे ‘मोबाइल’च. आता या चौघांना एकच पान द्यावे, की चार निरनिराळी द्यावीत, की दोन?

आरंभ ब्राउझरच्या ओळखपत्रापासून केला पाहिजे. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासून आपल्याकडे घोड्यास दाग देण्याची व स्वाराचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत होती, ती अशासाठी की हजेरीच्या दिवशी उसना घोडा दाखवून कोणी पगार उकळू नये. ब्राउझरही प्रत्येक मागणीबरोबर असा एक हुलिया पाठवतो, त्याला ‘युजर एजंट’ म्हणतात. फरक एवढाच की येथे हुलिया कारकून लिहीत नाही, स्वार स्वतःच लिहून आणतो. १९९६ साली एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीचा जो दस्तऐवज निघाला त्यात या ओळीचे प्रयोजन स्पष्ट नमूद आहे: गणनेची आकडेवारी, नियमभंगाचा माग, आणि एखाद्या विशिष्ट ब्राउझरची उणीव ध्यानात घेऊन उत्तर थोडे वळवून देणे. हेतू निर्मळ होता. परंतु दारावरचा पहारेकरी कोणती खूण पाहून आत सोडतो हे एकदा कळले म्हणजे प्रत्येक जण ती खूण लावून येऊ लागतो, हे मनुष्यस्वभावाचे सत्य या क्षेत्रातही लगेच प्रत्ययास आले.

नेटस्केपचा ब्राउझर स्वतःस ‘मोझिला’ म्हणवीत असे, आणि तो चौकटींची पाने दाखवू शकत असल्यामुळे संकेतस्थळे मोझिलालाच चांगले पान देत; म्हणून मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने आपणही मोझिला-सुसंगत असल्याचे लिहून आणले. पुढे कॉन्करर नावाच्या ब्राउझरचे यंत्र केएचटीएमएल, त्याने आपण मोझिलाच्या ‘गेको’ या यंत्रासारखे असल्याचे कळविले. त्याच यंत्रातून निघालेल्या वेबकिटवर ॲपलचा सफारी २००३ साली उभा राहिला, त्याने ते विशेषण जसेच्या तसे ठेवले. आणि २००८ साली आलेल्या गूगलच्या क्रोमने सफारीचेही नाव आपल्या नावापुढे लावून घेतले. परिणामी आज सियालदहच्या फलाटावरचा एखादा सामान्य अँड्रॉइड फोन स्वतःची जी वंशावळ सांगतो ती अशी: मोझिला ५.०, लिनक्स, अँड्रॉइड १०, ॲपलवेबकिट ५३७.३६, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम अमुक, मोबाइल, सफारी ५३७.३६. यांतील क्रोम आणि मोबाइल हे दोन शब्द खरे. बाकीचा बहुतेक मजकूर म्हणजे जुन्या पहारेकऱ्यांची समजूत घालण्यासाठी वाहिलेला वारसा. हल्ली तर ‘अँड्रॉइड १०’ हाही शब्द प्रत्यक्ष आवृत्ती कोणतीही असली तरी तसाच राहतो, त्याचे कारण पुढे येईल.

हुलिया वाचणारे कारकून किती निष्काळजी होते, याची साक्ष ब्राउझरांना ज्या लटपटी कराव्या लागल्या त्यांत सापडते. २००९ साली ऑपेराची दहावी आवृत्ती निघाली, तेव्हा असंख्य स्थळे आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचून तिला ‘पहिली’ समजू लागली. नाइलाजाने ऑपेराने आपण ९.८० असल्याचे लिहून खरी आवृत्ती ओळीच्या शेवटी दडवली. ११० व्या आवृत्तीपासून काही काळ फायरफॉक्सला एका रकान्यात १०९ हाच आकडा गोठवून ठेवावा लागला, कारण तेथे ११ ने आरंभ होणारा आकडा दिसला की काही स्थळे त्याला मृतप्राय इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजत. मॅकची प्रणाली अकराव्या आवृत्तीवर गेली तरी तिचे बहुतेक ब्राउझर अजून १०.१५.७ असेच सांगतात. ज्या पुराव्याला सांभाळून घेण्यासाठी साक्षीदारांनाच खोटे बोलावे लागते, त्या पुराव्यावर निवाडा करू नये, असे कोणीही वकील सांगेल.

तथापि हा सारा प्रकार पहिल्यापासून मूर्खपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ साली नोकियाचा ७११० हा फोन आला तेव्हा त्याला आपले नेहमीचे एचटीएमएल वाचताच येत नसे; त्याच्यासाठी डब्ल्यूएमएल या निराळ्या भाषेत पान लिहावे लागे, आणि चुकीचे पान गेले तर पडद्यावर काहीच उमटत नसे. अशा काळी दाराशी कोण आले आहे हे ओळखणे हा सर्व्हरचा धर्मच होता. लुका पासानी व आंद्रेया त्रासात्ती यांनी त्या सुमारास उभारलेली ‘वर्फल’ ही जंत्री माझ्या मते या क्षेत्रातील एक नामी कृती आहे. तिच्यात प्रत्येक फोनाचे कुळ दिलेले असे: अमुक नमुना तमुक नमुन्यासारखा, तो त्या घराण्यासारखा, आणि कोणाचाच पत्ता लागला नाही तर शेवटी ‘सामान्य’ या मूळ पुरुषाशी जाऊन थांबावयाचे. अज्ञात पाहुण्यालाही काहीतरी उत्तर मिळेल ही व्यवस्था त्या वंशवृक्षात होती, आणि प्रश्नही फोनाच्या नावाचा नसून पडद्याची रुंदी किती, अमुक चित्रप्रकार चालतो काय, असा सामर्थ्याचा होता. दोष होता तो जंत्रीच्या जन्मातच: नवा फोन बाजारात आला की जंत्री शिळी.

आपल्या देशात या काळाचा खरा धडा मात्र ऑपेरा मिनीने दिला, आणि त्यावर थोडे थांबणे इष्ट आहे. २००६ च्या आरंभी जगभर खुला झालेला हा ब्राउझर वस्तुतः ब्राउझरचा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा भाग ऑपेराच्या दूरच्या सर्व्हरवर असे. पान तेथे उघडले जाई, आटवले जाई, आणि त्याचा सारांशरूप अर्क स्वस्त फोनाकडे पाठवला जाई. म्हणजे संकेतस्थळाच्या दाराशी जो येई तो फोन नव्हेच, फोनाचा मुखत्यार. मूळ अशिलाचे नाव हवे असेल तर ते एका निराळ्या हेडरमध्ये, म्हणजे मागणीच्या शिरोभागी जोडलेल्या ओळीत, पाहावे लागे. ज्या फोनांत देवनागरीचा वा बंगालीचा टंकच नव्हता, त्यांवर मराठी वाचण्याची किल्लीही याच ब्राउझरच्या एका आडबाजूच्या पानावर होती: पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टाकून, क्लिष्ट लिपींसाठी चित्राक्षरे वापरावीत, हा पर्याय चालू केला की अक्षरे त्या सर्व्हरवर चित्रे होऊन येत, आणि जोडाक्षरे मोडलेल्या चौकोनांऐवजी मराठी म्हणून दिसू लागत. आता पाहा: आमच्या वाचकाच्या दृष्टीने फोनाचे सर्वांत महत्त्वाचे सामर्थ्य कोणते, तर त्यावर देवनागरी नीट उमटते की नाही; आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर ती नीट उमटत नसे. पण कोणत्याही हुलियात हे कधी लिहिलेले नव्हते, आणि कोणत्याही फ्रेमवर्कने ते कधी विचारलेही नाही. फोन नोकियाचा की सॅमसंगचा हे मात्र सगळ्यांना ठाऊक.

२००७ साली आयफोनने साधी वेबपाने, ९८० ठिपके रुंदीची आहेत असे धरून, आपल्या इवल्या पडद्यावर लहान करून दाखविली, आणि दोन निरनिराळ्या जालांची कल्पना तेथेच खचली. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कॉट यांनी ‘प्रतिसादी’ रचनेचा लेख लिहिला: पान एकच, ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःस वळवून घेते. २०१२ साली त्यास आधारभूत असणाऱ्या मीडिया क्वेरींना डब्ल्यू३सीची अधिकृत मान्यता मिळाली. त्यानंतर रुंदीच्या प्रश्नापुरते सर्व्हरने पाहुण्याचे नाव विचारण्याचे कारण उरले नाही. पुढे तर बोटाने दाबणार की माऊसने, टिंब नेमके टेकवता येते की नाही, हेही पानाला ब्राउझरकडूनच विचारता येऊ लागले. जिओफोनचे उदाहरण येथे उद्बोधक आहे: त्याचा हुलिया ‘मोबाइल’ सांगतो, त्यावरून स्पर्शाची बटणे दिली तर त्याचा उपयोग शून्य, कारण त्याला बोट नव्हे, दिशादर्शक कळ चालवते. उलट २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडचा सफारी स्वतःस सरळ मॅकिंटॉश म्हणवतो, आणि त्याला मात्र बोटाशिवाय दुसरे साधन बहुधा नसते. नावावरून सामर्थ्य ठरविणाऱ्यास हे दोघेही चकवतात, आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशेने.

मग प्रचलित फ्रेमवर्कांनी या प्रश्नाची वासलात कशी लावली आहे? कोडइग्नायटरने संरचनेच्या फाइलीतच फोनांच्या नावांची यादी दिली. त्यात पाम आणि मोटोरोलासारखी नावे संग्रहालयातील पाट्यांप्रमाणे राहिली. वर्डप्रेसने २०१२ च्या ३.४ आवृत्तीत एक होय-नाही असे उत्तर देणारे फंक्शन आणले, जे ‘मोबाइल’, ‘अँड्रॉइड’, ‘किंडल’, ‘ब्लॅकबेरी’, ‘ऑपेरा मिनी’ असे काही शब्द हुलियात शोधते. त्यात टॅब्लेटही मोबाइलच ठरे. हे फंक्शन अतोनात वापरले जाते आणि अतोनात चुकीच्या कामासाठी वापरले जाते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी ४ मध्ये फाइलीच्या नावात ‘मोबाइल’ असे घातले की ती आपोआप फोनांना मिळे. सोय मोठी, पण निर्णय कोणी व कधी घेतला हे प्रोग्रॅमरच्या नजरेआड. रेल्सने २०१४ च्या ४.१ आवृत्तीत अधिक समंजस मार्ग धरला: एकाच पानाचे निरनिराळे साचे ठेवण्याची सोय फ्रेमवर्क देईल, परंतु कोणता साचा कोणाला हे ठरविण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरने उघडपणे घ्यावी. जँगोने तर ओळखण्याचे कामच अंगावर घेतले नाही; उत्तर कोणत्या हेडरवर अवलंबून आहे हे जाहीर करण्याचे साधन तेवढे दिले. या सर्वांत मला सर्वाधिक शहाणपणाचा वाटलेला विचार जावाच्या स्प्रिंग मोबाइल या पुढे बंद पडलेल्या प्रकल्पात होता. त्याने साधा, मोबाइल व टॅब्लेट असे तीन वर्ग पाडले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘यंत्र कोणते’ आणि ‘वाचकाची इच्छा कोणती’ या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवल्या, आणि वाचकाने एकदा इच्छा सांगितली की यंत्राच्या अनुमानास रद्दबातल मानले.

याच रेल्सने २०२४ च्या ७.२ आवृत्तीत मात्र दाराशी एक नवा नाका बसविला. नव्या प्रकल्पात आपोआप येणारी एक ओळ ‘आधुनिक’ नसलेल्या ब्राउझरला ४०६ क्रमांकाचे नकारपत्र देते, आणि आधुनिकतेची तेथील व्याख्या म्हणजे क्रोम असल्यास १२० वा त्यापुढील. आता क्रोमची १२० वी आवृत्ती अँड्रॉइड ८ वा त्यापुढील प्रणालीवरच चालते. अँड्रॉइड ७ ची मजल ११९ वर संपली. म्हणजे फलाटावरचा तो तडकलेल्या काचेचा फोन अँड्रॉइड ७ चा असेल, तर त्याचा मालक कितीही तत्पर असला तरी त्याला क्रोममधून हा नाका कधीच ओलांडता येणार नाही. ज्यांचा हुलियाच ओळखीचा नाही त्यांना हा नाका सोडून देतो, हे खरे. परंतु ओळख लागली म्हणूनच जो बाहेर राहतो, त्याला हे औदार्य कसे वाटेल? पान थोडे विस्कटलेले दिसणे आणि पान न दिसणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साठवणीचा प्रश्न यापेक्षा कमी दिसतो, पण घोटाळे अधिक करतो. सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये कॅश बसलेली असते. तिने फोनासाठी काढलेले पान जपून ठेवले आणि पुढच्या क्षणी ते संगणकावरच्या वाचकास दिले, की झाली फजिती. वर्डप्रेसच्या उपरोक्त फंक्शनाचे बहुतेक अपघात येथेच होतात. उपाय म्हणून ‘हे उत्तर युजर एजंटवर अवलंबून आहे’ असे जाहीर केले, तर हुलियांचे प्रकार इतके आहेत की कॅशला प्रत्येकासाठी निराळी प्रत ठेवावी लागते आणि तिचा उपयोगच संपतो. म्हणून क्लाउडफ्रंटसारख्या सेवांनी वेशीवरच हुलिया वाचून मोबाइल, टॅब्लेट, डेस्कटॉप असा दोन-चार वर्गांचा शिक्का मारण्याची व्यवस्था केली. वेगळा पत्ता देण्याच्या मार्गाचेही असेच: विकिपीडियाने पुष्कळ वर्षे मोबाइलसाठी ‘एम’ घातलेला पत्ता ठेवला, फोन तिकडे आपोआप वळे, पण फोनावरून कोणी पाठवलेला दुवा संगणकावर उघडला की वाचक मोबाइलच्या पानावरच अडकून राही. मराठी विकिपीडियाचे दुवे व्हॉट्सॲपवरून ज्यांच्याकडे येत, त्यांना हा अनुभव नवा नाही.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. हुलिया जितका सविस्तर तितका तो माणूस हुडकण्यास उपयोगी; पीटर एकर्सली यांनी २०१० साली दाखविल्याप्रमाणे एकट्या या ओळीतून सरासरी सुमारे १० बिट इतकी ओळख पटते, म्हणजे ढोबळ मानाने हजारांत एक माणूस वेगळा काढता येतो. यास्तव क्रोमने ही ओळ क्रमाक्रमाने बोथट केली. २०२३ साली अँड्रॉइडवर फोनाच्या नमुन्याच्या जागी नुसते ‘के’ हे अक्षर आले, आणि ‘अँड्रॉइड १०’ गोठले ते याचमुळे. त्याबदल्यात ‘क्लायंट हिंट्स’ ही पद्धत आली: ब्राउझर आपण होऊन तीनच गोष्टी सांगतो, नाव, मोबाइल आहे की नाही, आणि प्रणाली, त्याहून अधिक हवे असेल तर सर्व्हरने तसे रीतसर मागावे. ओळींच्या ओळी उलगडण्याऐवजी नुसते होय-नाही मिळते, ही मोठीच सोय. वर्डप्रेसनेही २०२३ च्या ६.४ मध्ये प्रथम हीच खूण पाहण्याचे धोरण स्वीकारले. पण सफारी आणि फायरफॉक्स यांनी ही पद्धत मान्य केलेली नाही, तेव्हा प्रत्येक आयफोनसाठी जुना हुलिया वाचणे चालूच ठेवावे लागते. शिवाय फेसबुक इत्यादींच्या पोटातले ब्राउझर हा एक निराळाच वर्ग होऊन बसला आहे. त्यांत गूगलने आपल्या खात्याच्या प्रवेशास मनाई केल्यामुळे, त्या खात्यावरून प्रवेश देणाऱ्या स्थळाने हा वर्ग ओळखून वाचकास नीट ब्राउझरकडे पाठवणे मात्र न्याय्य आहे.

या साऱ्याचा विचार करता, फ्रेमवर्काने ‘हा मोबाइल आहे काय’ असा सरसकट प्रश्न प्रोग्रॅमरच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडणीसाठी विचारावयाचे असेल तर ते पानानेच ब्राउझरला विचारावे. विदा वाचवावयाची असेल तर वाचकाने तशी इच्छा कळविली आहे काय ते पाहावे. ॲप उतरवून घेण्याचा दुवा दाखवावयाचा असेल तर प्रणालीचे नाव पुरे. नुसती मोजदाद करावयाची असेल तर चुकले तरी बिघडत नाही, तेथे ‘मोबी’ ही दोन अक्षरे शोधावीत आणि पुढे जावे. सर्व्हरला अनुमान करणे भागच पडले, तर उत्तर होय, नाही आणि माहीत नाही असे तिहेरी असावे, कारण ‘माहीत नाही’ला ‘नाही’ समजण्यातून निम्मे अपराध घडतात. फोनांच्या याद्या फ्रेमवर्काच्या गाभ्यात ठेवू नयेत. त्या बाहेर ठेवाव्यात, वेळोवेळी बदलाव्यात, आणि बदलतानाही डोळे उघडे ठेवावेत: २०२१ च्या ऑक्टोबरात हुलिया वाचणाऱ्या एका अतिलोकप्रिय जावास्क्रिप्ट पॅकेजच्या कर्त्याचे खाते बळकावून कोणी त्याच्या तीन आवृत्त्यांत घातक प्रोग्रॅम घुसवला होता. आणि या सर्वांवर वाचकाची इच्छा.

हे शेवटचे मी उगाच लिहीत नाही. गेल्या वर्षी सियालदहच्या प्रतीक्षालयात बसून एका संस्थेचा अर्ज माझ्या टॅब्लेटवरून भरावयास घेतला. त्या स्थळाने मला मोबाइल ठरवून आखूड पान दिले. त्यात सर्व रकाने होते, फक्त अर्ज दाखल करण्याचे बटण तेवढे नव्हते, आणि पूर्ण पानाकडे जाण्याचा दुवाही कोठे नव्हता. शेजारी बसलेल्या, नैहाटीस निघालेल्या एका मुलाने माझी धडपड पाहून निमूटपणे माझ्या ब्राउझरच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’वर खूण केली. माझा टॅब्लेट त्याच क्षणी स्वतःस लिनक्सचा संगणक म्हणवू लागला, बटण आले, अर्ज गेला. मुलाची गाडी लागली होती. तो उठून गेला.